‘हे माझ्याकडचं नाही’ म्हणणारा वैदू

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलला आमच्या घरी धानाचा रोवणा संपला की आईची कंबर धरते. बांधीत पोटरीभर चिखल, वाकून दिवसभर पऱ्हे खोचायचे आणि संध्याकाळी सरळ उभं राहताना तोंडातून निघणारी एक दबलेली कळ. आठ-दहा दिवसांत ती जिरते. यंदा श्रावण सरत आला तरी जिरली नव्हती.

मी नागपूरला औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात वनस्पतींपासून मिळणाऱ्या औषधांचा विषय शिकवते. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वनरक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीची निम्मी वर्षं एटापल्ली-भामरागडकडे गेली, उरलेली मूल-सावलीच्या जंगलात. मी झाड ओळखते ते वाळलेल्या नमुन्यावरून, ते ओळखतात अंधारात वासावरून.

आईच्या कमरेवर घरात तीन मतं पडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, नागपूरला एक जण चिनी पद्धतीच्या सुया टोचतो, तिथे न्या. मोठे बाबा म्हणाले, उमा नदीपलीकडच्या गावात वैदू आहे, त्याला दाखवा. मी म्हटलं, आधी एक्स-रे. त्या संध्याकाळी छपरीत बसून आम्ही जे बोललो ते इथे लिहिते आहे. मोठे बाबांची बोली झाडीची. लिहिताना मी ती बरीचशी प्रमाण केली आहे, ओठांवरचे दोन-चार शब्द तेवढे तसेच ठेवले.

मोठे बाबा : नागपूरला सुया टोचायला न्यायचं म्हटलं तर तू विचार तरी करशील. नदीपलीकडे मुळी आणायला जायचं म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी. असं कायले, बाई?

मी : आठी पडते ती एका कारणानं. सुया टोचणारा कोण, हे मला विचारता येतं. महाराष्ट्रानं अॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा केला, परिषद नेमली, तिच्याकडे नोंदणी असते. सुई सीलबंद पाकिटातून काढली का, वापरून फेकून दिली का, हे डोळ्यांनी बघता येतं. तुमच्या वैदूला काय विचारू? शिकलात कुठे म्हटलं तर सांगेल, बापाकडून. औषधात काय आहे म्हटलं तर सांगेल, मुळी आहे.

मोठे बाबा : म्हणजे चीनच्या सुईला परिषद, अन् आपल्या जंगलाच्या मुळीला काहीच नाही. हा न्याय तुले पटते?

मी : नाही पटत. पण ती सुई इथे आली कशी, हेही ऐका. १९३८ला काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच आपल्या नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. कोटणीस तिकडेच १९४२ला वारले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉक्टर बिजयकुमार बसू पुढे १९५८च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, ही सुयांची विद्या शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी ती सुरू केली. शिकलेल्या डॉक्टरानं हाती धरली म्हणून तिला दार उघडलं. वैदूच्या वतीनं दार ठोठवायला कोणी गेलंच नाही.

मोठे बाबा : बरं, सुयांनी कंबर बरी होते का? हे तर तुम्ही लोकांनी मोजलं असेल.

मी : मोजलंय. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला, २००७ला छापून आला. तीन गट केले. एका गटाला शास्त्राप्रमाणे खऱ्या जागी सुया. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला नेहमीच्या गोळ्या, मालीश, व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना आराम होता, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तिसऱ्यात २७.४.

मोठे बाबा : म्हणजे आमच्या बाजूचाच निकाल लागला की! खरी टोचा नाही तर खोटी टोचा, गोळीपेक्षा माणसाला बरंच वाटलं.

मी : पण सुईची जागा, शरीरातल्या वाहिन्या, त्यातून वाहणारी शक्ती, असं जे सगळं चिनी शास्त्र सांगतं, त्याचा वाटा या दुखण्यात फारच थोडा निघाला ना? भलतीकडे टोचलं तरी जवळपास तेवढाच गुण.

मोठे बाबा : तू सुईकडे बघते, मी टोचणाऱ्याकडे बघतो. त्यानं माणसाला अर्धा तास निजवलं, हात लावला, विचारपूस केली. तुझ्या तिसऱ्या गटाला ते मिळालं नसेल. वैदू तरी दुसरं काय करतो? आधी नाडी धरतो, मग घरात काय चाललं ते विचारतो, मुळीचं नाव मागून काढतो.

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. आई दाराशी लसूण सोलत बसली होती. मोठे बाबांपुढे ती आजही कमी बोलते. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी : मान्य. हाताला गुण असतो. पण हातानं मलेरिया बरा होत नाही.

मोठे बाबा : अन् पाल्यानं होते, हे तूच सांगितलं होतंस मले. चीनच्या बाईंची गोष्ट. पुन्हा सांग, तुझ्या आईलाही ऐकू दे.

मी : थू योयो त्यांचं नाव. व्हिएतनामच्या युद्धात सैनिक मलेरियानं मरत होते, म्हणून चीननं १९६७ला गुप्तपणे औषधाचा शोध सुरू केला. थू योयो बीजिंगच्या पारंपरिक चिकित्सेच्या संस्थेत होत्या. त्यांनी जुन्या पोथ्या धुंडाळल्या, गावोगावच्या वैद्यांचे नुस्खे जमवले. छिंगहाव नावाच्या एका दवण्यासारख्या झुडपाचा अर्क कधी लागू पडे, कधी वाया जाई. मग सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या को हुंग या वैद्याच्या पोथीत त्यांना दिसलं की त्यानं तो पाला उकळायला सांगितलेलाच नाही. पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि रस प्यायचा. त्यांच्या ध्यानात आलं, उष्णतेनं गुण जातो आहे. त्यांनी ईथर वापरून कमी आचेवर अर्क काढला. १९७१ला तो उंदरांवर पुरता लागू पडला. माणसांना देण्याआधी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. २०१५ला त्यांना नोबेल मिळालं. गडचिरोलीत आशाताई, म्हणजे गावच्या आशा सेविका, बोटातून रक्ताचा थेंब घेतात आणि फाल्सिपेरम मलेरिया निघाला की गोळ्यांची पट्टी देतात. त्यातलं मुख्य औषध त्याच पाल्यातून आलेलं आहे.

मोठे बाबा : म्हणजे भामरागडचं पोर आज वाचते ते एका वैदूच्या पोथीमुळे. मग आपल्या वैदूवर अविश्वास कायले?

मी : पोथीमुळे, आणि पोथी तपासली म्हणून. हे दुसरं सोडलं की गोष्ट अर्धी राहते. त्यांनी शेकडो अर्क करून पाहिले, बहुतेक फेकून द्यावे लागले. सोळाशे वर्षं चीनमध्ये तो पाला होता आणि मलेरियाही होता. एका घोटात औषध किती, हे कोणाला माहीत नव्हतं. कधी पुरे पडे, कधी नाही.

मोठे बाबा : आपल्याकडेही असं झाड असेल की.

मी : होतं आणि त्याचं औषध झालंही. सर्पगंधा. तुम्हीच मला बांबूच्या सावलीत दाखवली होती, पांढरट-गुलाबी फुलं आणि काळी होत जाणारी फळं. गावोगावी तिची मुळी झोप येईना, डोकं फिरलं, साप चावला, यासाठी देत आले. १९३१ला कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोघांनी लिहिलं की तिनं रक्तदाब उतरतो. १९४९ला मुंबईच्या डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांची नोंद ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात छापली आणि जग जागं झालं. १९५२ला स्वित्झर्लंडच्या कंपनीनं तिच्यातून रेसर्पीन वेगळं काढलं. रक्तदाबाच्या पहिल्या नेमक्या औषधांपैकी ते एक. त्याचा डोस मिलिग्रॅमच्या दहाव्या भागात मोजतात. जास्त झालं तर रक्तदाब कोसळतो, मन खचतं. आता सांगा, तुमचा वैदू बोटाएवढी मुळी उगाळतो, त्यात रेसर्पीन किती?

मोठे बाबा : त्याला मिलिग्रॅम ठाऊक नाही. पण मुळी कोणत्या महिन्यात खणायची, किती वर्षांच्या झाडाची, उगाळताना सहाणेवर किती फेरे, हे त्याला पक्कं ठाऊक असते. तेही मापच आहे.

मी : मापच आहे, हे मी मान्य करते. त्या मापाची चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येणार, हा माझा प्रश्न आहे. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. द्यायची होती एक मुळी आणि गेली दुसरी, कारण चिनी भाषेत दोघींची नावं जवळजवळ सारखी, एक हान फांगजी, एक ग्वांग फांगजी. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. दुसऱ्या मुळीत अॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. आता दचकू नका. आपली सापसंद त्याच घराण्यातली आहे.

मोठे बाबांनी पानाचा डबा उघडला होता, तो तसाच मांडीवर राहिला.

मोठे बाबा : सापसंद? सापावर देतात ती?

मी : तीच. साप चावल्यावर तिची मुळी चावायला देतात, पानं वाटून देतात. गुण येतो असं वाटतं, कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. असा माणूस मुळी न देताही उठून बसला असता. श्रेय मात्र मुळीला जातं. अन् ज्याला खरंच मण्यार चावली, रात्री झोपेत, न दुखता, त्याच्या पापण्या जड होतात, पोटात कळ येते, पहाटेपर्यंत श्वास थांबतो. त्याचे ते तीन-चार तास मुळीपाशी जातात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावरची लस ग्रामीण रुग्णालयात असते. म्हणून तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात स्पष्ट लिहिलंय की साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे.

मोठे बाबा : कायदा बरोबर आहे. मी स्वतः दोन माणसं अशी जाताना पाहिली. अन् काविळीचं काय? ती तर वैदूच उतरवतो.

मी : गढूळ पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. नाकात कडू फळाच्या रसाचे थेंब टाकले की पिवळं पाणी वाहतं आणि लोकांना वाटतं कावीळ बाहेर पडली. नाकाचं आतलं अस्तर चिडतं म्हणून ते पाणी येतं. अन् जंगलातलं म्हणजे निर्धोक असंही नाही. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी त्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वाद झाला. पण तेव्हापासून मी वर्गात गुळवेल शिकवताना पोरांना विचारते, किती दिवस, किती मात्रा आणि कोणाला द्यायची नाही?

मोठे बाबा : तुझं सगळं ऐकलं. आता माझं ऐक. तू म्हणते, लोक वैदूकडे अडून राहतात. का राहतात? १९७३ला हेमलकशाला प्रकाशभाऊ अन् मंदाताई आमट्यांनी झाडाखाली दवाखाना मांडला, तेव्हा सुरुवातीला माडिया लोक तिकडे फिरकतच नव्हते. ते अडाणी होते म्हणून नव्हे. भाषा कळत नाही, पँट-शर्टातला माणूस म्हणजे पोलीस नाहीतर माझ्यासारखा जंगलवाला, अन् आम्ही जंगलवाल्यांनी त्यांना काय दिलं होतं? दंडाच्या पावत्या. वैदू मात्र त्यांच्याच भाषेत बोलतो. कोणाची सासू कशी, कोणाचं पोर मेलं, कोणाचं धान वाहून गेलं, त्याला सगळं माहीत. रोग्याला नुसता रोग नसतो, बाई. घर असते.

मी : हे मला खोडता येणार नाही. गडचिरोलीजवळ शोधग्रामला राणीताई आणि अभय बंगांनी हेच ऐकून घेतलं. मोठ्या इमारतीची लोकांना भीती वाटते म्हणून दवाखाना गावच्या झोपड्यांसारखा बांधला, त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. राणीताई बायकांशी झाडांबद्दल बोलत बसल्या, त्यातून ‘गोईण’ हे पुस्तक झालं. गोईण म्हणजे मैत्रीण. पण मोठे बाबा, त्यांनी मोजलंसुद्धा. गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, न्यूमोनिया ओळखायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम केलं, ४७ गावं तुलनेला ठेवली. बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ला ‘लॅन्सेट’नं ते छापलं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ते आलं. गावच्या बाईवर विश्वास टाकला, तिचं काम मोजलंही. माझं मागणं एवढंच आहे.

मोठे बाबा : मग वैदूचं काम मोजा की! कोणी मोजतं का? मोजायला येणारे येतात, मुळीचा फोटो काढतात, नाव लिहून घेतात अन् निघून जातात. पुन्हा तोंड दाखवत नाहीत. माझ्या नोकरीत मी असे कितीतरी पाहिले. वैदू आता पाहुण्यासमोर मुळीचं नाव चुकीचं सांगतो. मले त्याचं बरोबर वाटते.

ही तक्रार माझ्याच पेशाची होती. मी गप्प बसले नाही, पण आवाज खाली आला.

मी : हळदीचं पेटंट आठवतं? अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं होतं. माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं ते १९९७ला रद्द करवलं. कसं? जुने ग्रंथ, जुने लेख पुढे ठेवून. लिहिलेलं होतं म्हणून आपण जिंकलो. वैदूच्या तोंडातच राहिलेलं उद्या कोणी उचललं तर आपण काय दाखवणार? म्हणून २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावाची लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. ती गावानं खरंच भरली, वैदूच्या नावानिशी, आणि कोणती गोष्ट बाहेर सांगायची हे गावानंच ठरवलं, तर उचलणाऱ्याला जाब विचारता येईल.

मोठे बाबा : वहीत लिहाल, पण झाड कुठून आणाल? सर्पगंधा आता मले दिवसभर फिरून दिसत नाही. व्यापाऱ्यांनी मुळासकट उपसून नेली. आलापल्लीला वनवैभव म्हणून सहा हेक्टरांचं जुनं जंगल राखलंय, २०१४ला राज्याचं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झालं, तिथे तेवढं जपलं. बाकी जंगलात वाघाची धास्ती. मोह वेचायला, तेंदूपाला तोडायला गेलेली माणसं आपल्या तालुक्यात वाघानं मारली. म्हातारा वैदू एकटा मुळीसाठी आत जाईल कसा? अन् त्याचं पोरगं मिरची तोडायला तेलंगणात जाते. त्याला रोजचे पैसे पाहिजेत, मुळी नको.

मी : म्हणजे तुमच्या म्हणण्यानं, वैदू जायच्या आत त्याच्याकडून शिकून घ्या. अन् माझ्या म्हणण्यानं, शिकण्याआधी तपासून घ्या. दोन्हीला वेळ थोडा आहे. पण आईची कंबर आज दुखते. एका माणसाला आज दारात उभं राहून कसं ओळखायचं, हा वैदू खरा की भोंदू?

मोठे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. पाऊस धरला होता, कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मोठे बाबा : एटापल्लीकडे होतो तेव्हा मले मलेरिया डोक्यात चढला होता. तुझ्या बापालाही नीट माहीत नाही. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी मी बरळायला लागलो. बीटवरच्या मजुरांनी मला त्यांच्या पुजाऱ्याकडे नेलं. त्यानं तांदूळ पाहिले, नाडी धरली, माझ्या पापण्या वर करून पाहिल्या. मंत्र म्हटला नाही, मुळी दिली नाही. म्हणाला, हे माझ्याकडचं नाही, याला दवाखान्यात न्या, आत्ता. मी शुद्धीत नव्हतो, हे मजुरांनी मागून सांगितलं. चौघांनी बाजेला बांबू बांधला अन् पाणी चढलेले दोन नाले ओलांडून मला नेलं. बाजेला एक खांदा त्या पुजाऱ्याचा होता. सलाइनमधून क्विनाइन दिलं, म्हणून तुझ्यासमोर बसलो आहे.

मी : मग तुम्हाला वाचवलं कोणी?

मोठे बाबा : क्विनाइननं. पण क्विनाइनपर्यंत पोचवलं त्यानं. तो ‘थांबा, बाहेरचं आहे, कोंबडं आणा’ म्हणाला असता तर मजूर कोंबडं आणायला गेले असते. त्यांचा विश्वास त्याच्यावर होता, दवाखान्यावर नव्हता. त्या दिवसापासून मी वैदूला विचारत नाही, किती जण बरे केले म्हणून. ते सगळेच सांगतात, हजारो. मी विचारतो, मागच्या सालात परत किती पाठवले?

छपरीत काही वेळ कोणी बोललं नाही. वर्गात मी औषध तपासण्याच्या डझनभर कसोट्या शिकवते. औषध देणाऱ्याला तपासायची इतकी सोपी कसोटी माझ्या एकाही पुस्तकात नव्हती. ती वैदूला लागू पडते, सुया टोचणाऱ्याला लागू पडते आणि पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरलाही. ज्याला स्वतःची हद्द माहीत आहे त्याच्या हाती माणूस सोपवावा. ज्याच्याकडे प्रत्येक रोगावर औषध आहे त्याच्या दारातून परत फिरावं. मधुमेह मुळापासून काढतो, कर्करोग बरा करतो, अशा जाहिराती करायला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. तशा पाट्या आजही रस्त्याच्या कडेच्या तंबूंवर लागतात, आणि त्या वाचताना हीच कसोटी लावावी.

तेवढ्यात आई बोलली. माझ्याकडे बघून, पण ऐकवलं दोघांनाही.

आई : तुमचं दोघांचं झालं असंल तं मी सांगतो. आधी फोटो काढू, मंग नदीपल्याड जाऊ. मले आजवर कोनी हात लावून पायलं का, नेमकं कुठं दुखते म्हनून?

आम्ही तिच्या शब्दाबाहेर गेलो नाही. एक्स-रे काढला. वयापरत्वे झीज, बाकी काही नाही. ज्या डॉक्टरांनी तो पाहिला त्यांच्या दाराबाहेर चाळीसेक माणसं होती. त्यांनी दोन मिनिटांत गोळ्या लिहिल्या, आणि त्या बरोबर होत्या. दोन दिवसांनी आम्ही उमा ओलांडली.

वैदूचं घर गावाच्या टोकाला, अंगण शेणानं सारवलेलं. सत्तरीच्या आसपासचा माणूस, गुडघ्यापर्यंत धोतर, अंगठ्याची नखं मुळ्या खणून काळी झालेली. त्यानं आईला बाजेवर पालथं निजवलं, मनगटापाशी नाडी धरली, मग अंगठ्यानं मणक्याच्या दोन्ही बाजूंनी दाबत खाली आला. एका जागी आई कळवळली. तो तिथेच थांबला आणि विचारू लागला. रात्री झोपेतून उठवते का? पायाला मुंग्या येतात का? लघवी अडते का? ताप येतो का? अंग उतरलं का?

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. कंबरदुखीत धोका कुठे आहे हे ओळखायला डॉक्टरांच्या पुस्तकात जे प्रश्न आहेत, त्यातले बहुतेक त्यानं एकापाठोपाठ विचारले होते. कुठे शिकलात, म्हटलं. म्हणाला, बापाकडून. बापाच्या हातून एक माणूस गेला होता, पाय लुळे पडत गेले तरी तो कमरेलाच लेप लावत राहिला. तेव्हापासून हे विचारायचं.

मग त्यानं शेवटचं विचारलं, “गोळी कोनती चालू हाये?” आईनं सांगितलं, बीपीची. त्यानं कोपऱ्यातलं गाठोडं जवळ ओढलं होतं, ते परत सरकवलं. “मंग पोटात माझं काही देत नाई. दोन औषधं पोटात भांडतात. वरून लावाचं तेल देतो. विटकर गरम करून शेक घ्या. अन् महिनाभर वाकाचं नाई.” पैसे घेतले नाहीत. नारळ घेतला, देवापुढे ठेवला.

मी विचारायचं ते विचारलं. मागच्या सालात परत किती पाठवले? तो बोटांवर मोजायला लागला. एक साप चावलेलं पोरगं. एक बाई, पोटात सात महिन्यांचं मूल आणि अंगावरून रक्त. एक म्हातारा, तोंड वाकडं झालेला. बोटं मोजत तो दारापाशी गेला आणि दाराची फळी उघडून दाखवली. फळीच्या मागच्या बाजूला कोळशानं दहा आकडे लिहिले होते. आशाताईचा मोबाइल नंबर. वरचेवर पुसला जातो म्हणून तो पुन्हा पुन्हा गिरवलेला होता, शेवटचा सात तर इतका जाड झाला होता की एकासारखा दिसत होता.

आईची कंबर दिवाळीपर्यंत सुटली. गोळ्यांनी, तेलानं, न वाकण्यानं की नुसत्या दिवसांनी, हे मला सांगता येणार नाही आणि मी तसा दावा करणार नाही. मोठे बाबा म्हणतात, हातानं. आम्ही दोघं अजून एकमेकांचं मत पुरतं मान्य करत नाही. पण आता महिन्यातून एकदा मी मूलला येते तेव्हा आम्ही दोघं मिळून नदीपलीकडे जातो. वैदू सांगतो, मोठे बाबा झाड ओळखून देतात आणि मी वहीत लिहिते. मुळीचं नाव, महिना, माप, कोणाला द्यायची, कोणाला द्यायची नाही. वही वैदूकडेच राहते, गावाच्या नोंदवहीत काय जाईल ते तो आणि ग्रामसभा ठरवणार. पहिल्या पानावर त्याच्या सांगण्यावरून मुळीचं नाव लिहिलेलं नाही. तिथे आशाताईचा नंबर लिहिला आहे, शाईनं.